देवळाचं काम झालं की

आमच्या देवळाच्या भोवती सध्या दुसरं देऊळ उभं आहे. आतलं काळ्या दगडाचं, कौलारू, गोऱ्या मिशनरी साहेबांच्या काळातलं. बाहेरचं विटा-सिमेंटचं, दोन मजली, गॅलरीसकट आणि अजून बिनछपराचं. जळगावात आमची जुनी ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतात, मीही म्हणते. नवीन पाहुणा फाटकातून आत आला की थबकतो आणि विचारतो, हे काय प्रकरण आहे. प्रत्येकाला समजावून सांगण्याचा मला आता कंटाळा आलाय. तरी इथं सांगते, कारण त्या दोन भिंतींच्या मधल्या बोळात माझ्या आयुष्याचा एक मोठा तुकडा अडकून पडला आणि तो मला अजून धड बाहेर काढता आलेला नाही.

देवळाची मंडळी वाढली हे खरंच होतं. चोपडा, यावल, पारोळा अशा भागांतून नोकरीला, शिकायला आलेली कुटुंबं शहरात स्थिरावली आणि नाताळच्या उपासनेला निम्मी माणसं बाहेर मांडवात बसायला लागली. संडे स्कूलच्या पोरांना खोल्या हव्या होत्या, बायकांना धड स्वयंपाकघर हवं होतं. मोठं देऊळ बांधायचं ठरलं तेव्हा हात मीही वर केला होता. फाटकावर फ्लेक्स लागला. त्यात पांढरंशुभ्र चर्च, पुढं हिरवंगार लॉन आणि लॉनवर कोट घालून हिंडणारी माणसं. आपल्या उन्हात कोट घालून हिंडणारे हे आपल्यातले नेमके कोण, असं मी विचारलं तर नवरा चिडला. तो बांधकाम कमिटीचा सेक्रेटरी होता.

अडचण एकच होती. आमच्या देवळात एकही रविवार चुकलेला नाही, याचा आम्हाला फार अभिमान. गावात कर्फ्यू होता तेव्हा चुकला नाही. लॉकडाऊनमध्ये पाळकसाहेब एकटेच आत उभे राहून रिकाम्या बाकांना उपदेश करायचे आणि आम्ही घरी मोबाइलवर बघायचो. शेजारच्या शाळेचा हॉल मिळत होता, पण तिथं बसलो तर देवळातला रविवार चुकला, असं पंचांचं म्हणणं. शेवटी बैठकीत कोणीतरी म्हणालं, जुनं आत राहू द्या, नवं त्याच्या भोवतीनं बांधा. वर नवं छप्पर चढलं की जुनं आतल्या आत उतरवून घेऊ. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जुन्यातली एकच वस्तू अखंड ठेवायची ठरलं, पुढचं सागवानी दार. ते नव्या देवळाला बसवायचं, असा ठराव झाला आणि पायाभरणीच्या दिवशी सगळ्यांसमोर वाचूनही दाखवला.

या दाराला बिजागऱ्या नाहीत. दोन्ही फळ्यांच्या कडेचे लाकडी खुंट वर आणि खाली दगडात कोरलेल्या खळग्यांत फिरतात आणि फळ्या बाहेरच्या बाजूला उघडतात. इंजिनिअर नाशिकहून यायचे, आठवड्याच्या मधल्या वारी. मधल्या वारी देऊळ बंद. त्यांनी बंद दारासमोर टेप धरली, माणसं ये-जा करतील एवढी जागा सोडली आणि गॅलरीचे खांब आखून दिले. आम्ही जायचो रविवारी, तेव्हा फळ्या उघडून भिंतीला टेकलेल्या. उघड्या दाराकडे कोण बघतं? दोघांनीही आपापलं दार बघितलं होतं. मग एका आठवड्यात खांब भरले, त्यांचे साचे-टेकू निघाले आणि त्या रविवारी सकाळी घंटा वाजवणाऱ्या काकांनी दार ओढलं. एक फळी वीतभर सरकून खांबाला अडली. दुसरी अर्ध्यावर येऊन थांबली.

तेव्हापासून आम्ही देवळात अंग तिरकं करून जातो. एकेक जण, पोट आत ओढून. पहिल्या दिवशी हसलोही खूप. एका लग्नात नवरीचा शालू दाराच्या कडीत अडकला आणि नवरदेव आत, नवरी बाहेर अशी दोघं बराच वेळ उभी राहिली, त्यावर अजून विनोद होतात. पण बैठकीत कोणी हसत नव्हतं. खांब तोडला तर गॅलरी खाली येईल. दार काढायचं तर वरचा दगड हलवावा लागेल आणि त्या दगडावर घंटेचा मनोरा उभा. दार कापायचं तर ठराव आडवा येतो. पाळकसाहेबांच्या मागच्या लहान दाराबाहेर तर पाण्याच्या टाकीचा खड्डा खणून ठेवलेला. सगळ्यांवर औषध एकच, वर नव्या छपराचा स्लॅब पडू द्या, मग जुनं छप्पर उतरेल आणि दार आपोआप मोकळं होईल. स्लॅब कशासाठी थांबलाय, ते मात्र दर बैठकीला बदलायचं. कधी वाळू बंद, कधी परवानगी अडकलेली, कधी सेंट्रिंगवाले दिवाळीला गावी गेलेले.

नव्या भिंती वर चढल्या तसा खिडक्यांचा उजेड गेला, वाराही गेला. ते देऊळ मेमध्येसुद्धा गार असायचं. आता आत बसलं की घामानं गीतपुस्तकाची पानं बोटांना चिकटतात आणि खिडकीतून बाहेर पाहिलं की समोर विटा दिसतात. मला तिथं श्वास कोंडल्यासारखा होतो. आकाश बघायला देवळात जात नाही कोणी, पण ते तिथं आहे एवढं माहीत असावं लागतं.

मग मंडळीतल्या एक म्हाताऱ्या शिक्षिकाबाई वारल्या. त्यांची शवपेटी दारापर्यंत आली आणि तिथंच थांबली. तिरकी करून पाहिली, कुशीवर धरून पाहिली. उभी करून नेऊ, असं कोणीतरी हळूच म्हणालं तेव्हा त्यांचा मुलगा, चांगला पन्नाशीचा माणूस, हमसून रडायला लागला. शेवटी उपासना बाहेर झाली, ताडपत्रीखाली, लोखंडी सळ्या आणि सिमेंटच्या मिक्सरच्या मधे. माझे सासरे प्लास्टिकच्या खुर्चीत बसून हे सगळं बघत होते.

सासऱ्यांना आम्ही आबा म्हणतो. पारोळ्याकडच्या खेड्यातले, मिशनच्या शाळेत शिकलेले, रेल्वेत नोकरी करून इथंच राहिलेले. लग्न याच देवळात झालं, कितीतरी वर्षं ते पंच होते, सासूबाईंची पेटीही याच दारातून आत गेली आणि बाहेर आली. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी पागोटं काढून ठेवलं आणि जाहीर केलं, "मना कार्यक्रम देऊयमाच व्हई. मी उघडावर जावाव नही."

आम्हाला वाटलं, शेवटची उपासना देवळातच हवी हा म्हातारपणाचा हट्ट आहे, विसरतील. थोड्याच दिवसांत ते न्हाणीत घसरले, कंबरेचं हाड मोडलं आणि अंथरुणाला खिळले. डॉक्टर म्हणाले, वय बघता ऑपरेशन नको, जेवढे दिवस आहेत तेवढे बरे जाऊ द्या. नणंद येऊन रडून गेली. पाळकसाहेब तेल लावून प्रार्थना करून गेले. आबा काही गेले नाहीत. जो येईल त्याला विचारायचे, "स्लॅब पडना का?" नाही म्हटलं की मान हलवायचे आणि माझ्याकडे बघून भाकरी मागायचे, दुधात कुस्करून. लोक म्हणायचे, काय ही इच्छाशक्ती. इच्छाशक्ती त्यांची, अंघोळ घालणं, कूस बदलणं, पाठीला पावडर लावणं आणि चमच्यानं भरवणं माझं. दुसऱ्या कोणाच्या हातचं ते खात नव्हते. देखभालीला लावलेल्या बाईला त्यांनी दुसऱ्याच दिवशी शिव्या देऊन घालवलं. नवरा दिवसभर बांधकामावर. घरी आला तरी त्याच्या खिशातून खडीचे बारीक दगड पडायचे.

आणि धुळ्याला माझी आई हळूहळू माणसं विसरत चालली होती.

मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हाच ठरवलं होतं, आता आईकडे जाऊन राहायचं. भेटायला नव्हे, राहायला. लग्नानंतर मी धुळ्याला कायम पाहुणीसारखीच गेले, बसच्या वेळेवर एक डोळा ठेवून. आईच्या शेजारी अंथरूण घालून झोपावं, सकाळी तिच्यासोबत चहा प्यावा, घाई नसावी, एवढंच मला हवं होतं. भाऊ-वहिनी तिचं सगळं नीट करत होते, काळजीची गोष्ट नव्हती. पण वहिनीचा फोन यायचा आणि ती सांगायची, ताई, आज आईंनी समोरच्या मावशींना ओळखलं नाही. मग एके दिवशी, आज दूधवाल्याला नाव विचारलं. मग, आज नातवाला विचारलं, बाळा, तू कोणाचा. ओळख बाहेरून आत अशी पुसत येत होती आणि त्या रांगेत मी आत्ता नक्की कुठं आहे, एवढाच विचार माझ्या डोक्यात असायचा.

आई फोनवर आली की तिचा एकच प्रश्न असायचा, "कधी येतेस?"

आता काय उत्तर देणार? सासरे गेले की येते, असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? ते तर पलीकडच्या खोलीत जागे असायचे. मग मी म्हणायचे, "आई, देवळाचं काम चालू आहे ना आमच्या. काम झालं की येते." तिला ते पटायचं. देवाचं काम सोडून मुलीनं माहेरी यावं, असं ती कधी म्हणाली नसती. "बरं बरं," म्हणायची आणि फोन वहिनीकडे द्यायची. दर फोनला हेच. हे वाक्य इतक्यांदा म्हटलं की पुढं पुढं मला ते खरंच वाटायला लागलं. आई माझ्यासाठी थांबलेली, मी आबांसाठी, आबा दारासाठी, दार स्लॅबसाठी. आणि स्लॅब कोणासाठी थांबलाय, हे देवालाच ठाऊक.

रागही यायचा, तो कशाला लपवू. आबांना भरवताना मनात नको ते विचार यायचे आणि लगेच मी त्यांच्या हनुवटीवरचं दूध जास्तच हळुवार पुसायचे. त्यांना कळत असणार. म्हातारी माणसं हात ओळखतात.

त्या मेमधली गोष्ट. ऊन असं की दुपारी गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. वहिनीचा फोन आला, ती रडत होती. सकाळी आईनं भावाला विचारलं होतं, तुम्ही कोण, आणि माझ्या घरात काय करताय? भाऊ बाहेर ओट्यावर जाऊन बसला होता. मी फोन ठेवला. भावाच्या नंतर आता मीच उरले होते. आतून हाक आली, "पोरी, स्लॅबनं काय व्हयनं?"

मी वाटी हातात घेऊन गेले आणि ती स्टुलावर आपटली. म्हटलं, "स्लॅब पडत नाही आबा. या वर्षी नाही आणि पुढच्याही वर्षी नाही. तुम्हाला देवळात जायचंय ना? मग जिवंतपणी चला. पेटी वाकत नाही, माणूस वाकतो."

सासऱ्यांशी अशी मी जन्मात बोलले नव्हते. आबांच्या घशातून कसलासा आवाज यायला लागला. मला वाटलं, ठसका लागला. हसत होते. अंथरुणाला खिळल्यापासून पहिल्यांदा हसत होते. "रविवारले?" त्यांनी विचारलं.

रविवारी नवऱ्यानं आणि तरुण संघाच्या मुलांनी त्यांना खुर्चीसकट दारापर्यंत आणलं. तिथून पुढं खुर्ची जाईना. मग त्यांना उचललं, कुशीवर केलं आणि आतली माणसं हात पुढं करून उभी राहिली. बाहेरच्या हातांतून आतल्या हातांत असे ते गेले. मधे क्षणभर त्यांचा गाल दाराच्या फळीला घासला. त्यांना दुखलं असेल म्हणून मी हात घातला, तर ते डोळे मिटून लाकडाला नाक लावून होते. आत त्यांना त्यांच्या नेहमीच्या बाकावर उशा लावून टेकवलं. मी शेजारी पुठ्ठ्यानं वारा घालत बसले.

उपासना संपत आली तेव्हा आबांनी पाळकसाहेबांना खुणेनं बोलावलं आणि म्हणाले, मनी अंत्यविधीनी उपासना आजच करी टाका. पाळकसाहेब तरुण आहेत, गोंधळले. म्हणाले, "आबा, जिवंत माणसासाठी असा क्रम नाही हो. नियमात बसत नाही."

"मंग मी मरी गयावर माले ऐकू यी का?" आबा म्हणाले. देऊळ एवढं शांत होतं की शेवटच्या बाकापर्यंत ते सगळ्यांनी ऐकलं.

पाळकसाहेबांनी पंचांकडे पाहिलं. पंचांनी जमिनीकडे पाहिलं. मग त्यांनी दफनाचा विधी केला नाही, पण शास्त्रपाठ तोच वाचला, आणि आबांना हवं असलेलं, आम्ही कबरस्तानात जाताना म्हणतो ते गीत सांगितलं. मंडळी उभी राहून गायला लागली. त्या कोंडलेल्या, घामेजलेल्या अंधारात आवाज कुठं जाणार? भिंतीवर आपटून परत आमच्यावरच येत होता. म्हाताऱ्या बायका पदर डोळ्यांना लावून गात होत्या. आबा दोन बोटांनी बाकावर ताल धरून होते. शेवटच्या कडव्याला मीही पुठ्ठा ठेवून डोळे पुसले. मी त्यांच्यासाठी रडत नव्हते, खरं सांगायचं तर. मला धुळं आठवत होतं.

घरी आणून निजवलं तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. "मनं काम व्हई गयं," ते म्हणाले. "आते तू धुयाले जाय. तुनी माय वाट दखी ऱ्हायनी."

मी म्हटलं, "मी धुळ्याला गेले तर तुमच्या खाण्याचं काय?"

"खाई लिसू कोनाबी हातनं."

म्हणजे इतके दिवस खाता येत होतं. म्हणजे पलीकडच्या खोलीतून माझे सगळे फोन ते ऐकत होते. मला चिडायचं होतं, पण ते मनगट सोडत नव्हते आणि त्यांच्या गालावर दाराचा ओरखडा तांबडा उठला होता. संध्याकाळी नवऱ्यानं त्यांना भरवलं, अर्धं गादीवर सांडलं, तरी त्यांनी खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं निघाले. सोबत मोठी बॅग घेतली होती, राहायला जाणाऱ्या माणसाची. पारोळा गेलं, बस रिकामी झाली, खिडकीतून सगळं माळरान दिसायला लागलं आणि मला कितीतरी दिवसांनी पोटभर श्वास घेता आला.

आई ओट्यावर खुर्चीत बसली होती. केस विंचरलेले, पातळ स्वच्छ, हातात रिकामा कप. मी बॅग खाली ठेवली. तिनं माझ्याकडे पाहिलं, पदर नीट केला आणि म्हणाली, "या बाई, बसा. उन्हाच्या आलात."

जन्मात पहिल्यांदा आई मला अहो-जाहो करत होती. मागं वहिनी दारात उभी होती, तिनं तोंडावर हात ठेवला. मी आईच्या समोर पायरीवर बसले.

"कुठून आलात?" तिनं विचारलं.

"जळगावहून."

तिचा चेहरा एकदम उजळला. "अगंबाई. माझी मुलगी असते तिकडं. शाळेत शिकवते. त्यांच्या देवळाचं काम निघालंय मोठं. ते झालं की येणार आहे ती, माझ्याकडं राहायला." आणि थोडी पुढं वाकून, खालच्या आवाजात तिनं विचारलं, "तुम्हाला ठाऊक असेल. झालं का हो काम?"

माझ्या तोंडून निघालं, "होत आलंय."

"तिला सांगा, घाई करू नकोस म्हणावं," आई म्हणाली. "देवाचं काम आहे. मी आहे इथंच."

मी म्हटलं, सांगते. मग वहिनीनं चहा आणला आणि आम्ही तिघींनी तो ओट्यावरच घेतला.